कॉर्डरॉयचा सूट शिवायचाय, पण बँडवाला दिसायचं नाहीये

व्हर्नियर, नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न कपड्यांचा आहे, पण सिनेमाच्या विभागात टाकतोय. मागे कपड्यांच्या विभागात विचारलं होतं, तर चार जणांनी 'जोधपुरी घ्या, शोभेल' असं सांगितलं आणि पाचव्याने स्वतःच्या लग्नाचा फोटो टाकला.

आधी माझं माप सांगतो. वय ४१, उंची पाच फूट सहा इंच, कंबर ३८ (पँटवर ३६ लिहिलेलं असतं, ते खोटं आहे). सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) घेऊन ०.०२ मिलिमीटरवरून लोकांशी भांडायचं, हा माझा धंदा. डिसेंबरात मेहुणीचं लग्न आहे. संध्याकाळचं रिसेप्शन, गंगापूर रोडला पुढे एका लॉन्सवर. म्हणजे उघड्यावर, गवतात, आणि निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो त्या दिवसांत. तेव्हा थंडीची सबब माझ्या बाजूने आहे.

आता रोग सांगतो. लॉकडाऊनमध्ये वेस अँडरसन या अमेरिकी दिग्दर्शकाचे सिनेमे बघायला लागलो आणि मग सुटलंच नाही. बायको गोष्ट बघते, मी पुरुषांचे कपडे बघतो. 'द रॉयल टेननबॉम्स' (२००१) मधला चॅस आणि त्याची दोन पोरं, तिघंही एकाच लाल ट्रॅकसूटमध्ये. 'द लाइफ अक्वॅटिक' (२००४) मध्ये अख्खं जहाज फिकट निळ्या गणवेशात आणि डोक्यावर लाल कानटोपी. आमच्या सोसायटीचा वॉचमन थंडीत तशीच टोपी घालतो, पण त्याच्याकडे कुणी कलाकृती म्हणून बघत नाही. आणि २००९ सालचा तो बाहुल्यांचा कोल्हा, 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स'. त्याच्या अंगावर कॉर्डरॉयचा (उभ्या धारांचं, मखमलीसारखं कापड असतं ना, त्याचा) सूट आहे आणि तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या सूटवरून बेतलेला आहे. हा माणूस खरोखर तसेच सूट घालून हिंडतो: कॉर्डरॉय, अंगाबरोबर, बाही आखूड, पँट घोट्याच्या वर.

मी टीव्ही थांबवून पडद्याला पट्टी लावली. हसू नका. फोटोवरून माप काढता येत नाही हे मला कळतं, पण प्रमाण काढता येतं. हाताचा पंजा धरला तर त्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा शर्टाचा कफ कोटाबाहेर दिसतो. पँट बुटाला टेकतच नाही.

आता अडचण. मागच्या दिवाळीत मी एक प्रयोग करून बसलोय. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' (२०१४) मधले ते जांभळे गणवेश डोक्यात होते, म्हणून एका संकेतस्थळावरून जांभळा कोट मागवला. फोटोत जांभूळ होता, घरी आला तेव्हा वांगं निघाला. कडेला सोनेरी फीत होती, ती फोटोत दिसत नव्हती. घालून बाहेर आलो तर वडील पेपर खाली न ठेवता म्हणाले, "कुणाच्या वरातीत वाजवायला चाललास?" कोट परत पाठवला. पैसे आले, पण अठ्ठावीस दिवसांनी, आणि घरात अजून मला 'मास्तर' म्हणतात. म्हणजे बँडमास्तर.

या वेळी शिवूनच घ्यायचं ठरवलं. रविवार कारंजाजवळ आमचे जुने शिंपी आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "कॉटराय? अहो, तुमच्या वडिलांनी नेली होती माझ्याकडून त्याची पँट." बाही बोटभर आखूड करा म्हटलं, तर टेप गळ्यात टाकून माझ्याकडे बघत राहिले. "लोक म्हणतील कापड कमी पडलं. नाव माझं जाईल."

तर विचारायचं असं, की हे सिनेमातलं कापड सिनेमाबाहेर चालतं का? की तिथं शोभतं ते फक्त तिथलंच? आणि शिंप्याला काय सांगू, म्हणजे तो शिवेल आणि मला हाकलणार नाही? रंग मोहरीच्या फोडणीसारखा पिवळट तपकिरी घ्यायचा विचार आहे. बायकोचं मत: "घे. पण माझ्या शेजारी उभं राहायचं नाही."


मालेगावकर

काय भो, एवढं काय त्यात. आमच्याकडे लूमवर काम करणारा किडकिडीत पोरगा गावच्याच सिनेमात सुपरमॅन झाला, त्यावर माहितीपट निघाला, जगभर दाखवला. त्याला कुणी विचारलं का मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) बरोबर बसला का म्हणून? घाला बिनधास्त. लग्नात सगळे जेवणाच्या रांगेकडे बघतात.


विंगेतली

व्हर्नियरभाऊ, पट्टी लावलीत हे वाचून बरं वाटलं. मी नाशकात हौशी नाटकांची वेशभूषा करते, राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी कुणाचे ना कुणाचे कपडे माझ्या डोक्यावर असतात. साईखेडकर नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये सुईत दोरा ओवत माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे थोडं लांबण लावते.

तुमचा जांभळा कोट पडला तो रंगामुळे नाही, भिंतीमुळे. त्या सिनेमांत कॅमेरा नेमका समोर असतो, माणूस मधोमध, आणि मागची भिंत त्याच्या कोटाशी बोलून रंगवलेली. बुडापेस्ट हॉटेलात जांभळा गणवेश उठतो कारण मागे लाल लिफ्ट आहे, गुलाबी इमारत आहे. मिलेना कनोनेरो यांनी त्याचे कपडे केले. त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते त्यांचं चौथं. पण त्यांनासुद्धा भिंत तयार मिळाली होती! तुम्हाला भिंत बरोबर नेता येणार नाही. लॉन्सवर तुमच्या मागे काय असणार? भगवा-गुलाबी पडदा, रंग बदलणारे दिवे, आणि चायनीजचा काउंटर. तेव्हा रंगाच्या नादाला लागू नका. तपकिरी चांगला, पण फोडणीत मोहरी जरा जास्त तडतडू द्या. पिवळा नको.

आता मुद्द्याचं. या सिनेमांतले पुरुष कपडे बदलत नाहीत. ही शैली वगैरे नंतरची गोष्ट, आधी ते अडकलेले असतात. चॅसची बायको विमान अपघातात गेली आहे. त्याला आता कधीही पोरांना उचलून पळावं लागेल असं वाटतं. म्हणून पळायचेच कपडे, तिघांना एकसारखे, आणि लाल, म्हणजे गर्दीत पोरं हरवायची नाहीत. (लाल रंगाचं हे कारण माझं. सिनेमात कुणी सांगत नाही.) शेवटी स्मशानात तिघंही काळ्या ट्रॅकसूटमध्ये उभे असतात. बाप शोकासाठीसुद्धा ट्रॅकसूट सोडत नाही, फक्त रंग बदलतो! तो काळा ट्रॅकसूट बघून मी हसले होते आणि लगेच गप्प झाले होते. त्याचा भाऊ रिची घ्या. टेनिस सोडून वर्षं झाली, पण कपाळावर पट्टी तीच, आणि वर उंटाच्या रंगाचा सूट. म्हणजे दहावीत पहिला आलेला माणूस चाळिशीतही बिल्ला लावून हिंडतो, तसं. तसाही एक आहेच, 'रशमोर' (१९९८) मधला मॅक्स, शाळेचा ब्लेझर आणि त्यावर हजेरीचा बिल्ला.

म्हणून कपडे आखूड असतात. माणूस वाढला, कोट तिथंच राहिला. तुम्ही बाही आखूड मागताय ती फॅशन म्हणून. त्यांची आखूड असते कारण ते त्या कोटातून बाहेर आलेलेच नाहीत.

एक प्रसंग सांगते. मागे एका एकांकिकेत हिशेबनीस होता. त्याच्यासाठी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून दीडशे रुपयांत एक करडा कोट आणला. नट भरदार, कोट बारका. बटण लागेना. मी उसवून मागे पट्टी घालणार होते, तर दिग्दर्शक म्हणाला, राहू दे. पहिल्या तालमीत नट वैतागला. दुसऱ्या दिवसापासून तो ते बटण झाकायला पोटावर हात धरून उभा राहायला लागला, कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोगात दुसऱ्यांदा आत आला तेव्हा त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं आणि लोक हसायला लागले. तो हात माझ्या कोटाने दिला, आणि बक्षीस अभिनयाला मिळालं, असो.

हे नवीन नाही, आपल्याकडेही नाही, एवढंच म्हणायचंय. चॅप्लिनने १९१४ साली ढगळ पँट, आवळ कोट, लहान टोपी आणि मोठे बूट असं मुद्दाम एकमेकांशी भांडणारं गाठोडं अंगावर चढवलं. फ्रेंच विनोदवीर जाक तातीचा तो उंच हुलो, त्याची पँट इतकी वर की पट्ट्यापट्ट्यांचे मोजे दिसावेत. आणि दादा कोंडके? ढगळ अर्धी चड्डी आणि खाली लोंबणारी नाडी. ती नाडी आत खोचली तर दादा उरतात का सांगा. 'गोलमाल' (१९७९) मध्ये आखूड कुर्त्यावर तर सगळी नोकरी उभी आहे. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच माणसाला राम केलं आणि सीताही केलं. कपड्यांवर केवढा विश्वास असेल बघा.

तेव्हा माझं मत: एका दिवसासाठी शिवू नका. लग्नात घाला, मग कंपनीत घाला, भाजी आणायला घाला. तिसऱ्या महिन्यात लोक विचारायचं बंद करतील. तोपर्यंत तुम्ही बँडवालेच.


व्हर्नियर

ताई, 'माणूस वाढला, कोट तिथंच राहिला' हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या बाबतीत फक्त पोट वाढलंय.

कंपनीत घालायची कल्पना मात्र अवघड आहे. मशीनजवळ सैल काही चालत नाही. आणि कॉर्डरॉयच्या धारेत लोखंडाचा कीस बसला तर तो निघणार नाही.


काज_बटण

मी शिंपी. म्हणजे होतो, आता मुलगा बसतो, मी काज करतो आणि बोलतो. तुमच्या त्या रविवार कारंजाच्या शिंप्याच्या बाजूने लिहितोय. त्याचं बरोबर आहे. गिऱ्हाईक बाही आखूड शिवून नेतं, आठ दिवसांनी मेहुणा हसतो, आणि मग माप चुकलं म्हणून परत येतं. त्याला कागदावर लिहून द्या, सही करा. आम्ही एका माणसाकडून खरंच करून घेतली होती.

आता कामाचं. कापड घेताना दुकानदाराला विचारा, इंचाला धारा किती. आठ धारेचं जाड असतं, अकराचं नेहमीचं, सोळाचं बारीक. सिनेमातला माणूस काटकुळा आहे, त्याला जाड धार चालते. तुम्ही ३८ कंबर सांगता (म्हणजे ३९ धरतो), तुम्ही चौदा-सोळाच्या खाली जाऊ नका. जाड धार पोटावर आडवी ताणली की प्रत्येक रेघ वेगळी दिसते, रांगेत उभी असल्यासारखी.

कॉटरायला लव असते. वरून खाली हात फिरवा, मग खालून वर फिरवा, एकीकडे मऊ लागेल, दुसरीकडे अडेल. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. एक बाही उलटी कापली गेली तर कापड तेच, पण उजेडात दोन रंगांचा कोट दिसतो. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग गडद येतो, आम्ही तशीच ठेवायचो. त्यामुळे कापड जास्त लागतं. साध्या सूटला सव्वातीन मीटर लागत असेल तर इथे पावणेचार घ्या. सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात घालून सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तुम्हाला फुकट आखूड बाही मिळेल, आणि ती शिंप्याच्या नावावर जाईल. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टर्किशचा टॉवेल घालून. सुलट बाजूने केली की लव चेपते आणि तिथे चकाकी येते, ती जात नाही.

आणि ते अंगाबरोबर बसणं बाहीच्या लांबीत नसतं, मुंढ्यात असतं. बाजारातल्या तयार कोटाचा मुंढा खाली असतो, कारण तो दहा जणांना व्हायला हवा. हात वर केला की अख्खा कोट वर येतो आणि मान कॉलरमध्ये जाते, कासवासारखी. मुंढा वर घेतला, काखेच्या जवळ, तर हात वर करा, अक्षता टाका, कोट जागचा हलत नाही. पहिल्या ट्रायलला काखेत जरा रुतल्यासारखं वाटेल, तेवढ्यावर 'सैल करा' म्हणू नका. शिंप्याला एवढं एकच सांगा: मुंढा वर घ्या, आणि शर्टाचा कफ अर्धा इंच दिसू द्या. अर्धा इंच कुठल्याही शिंप्याला मान्य असतो. बोटभर म्हणालात की त्याला दरदरून घाम फुटतो.

पँट घोट्याच्या हाडावर ठेवा, मोरी (पायाशी रुंदी) साडेसात इंच. आत दीड इंच दुमड राहू द्या. भूत उतरलं की सोडवून घ्या.

दादांच्या चड्डीबद्दल ताई बरोबर बोलल्या.


ओझरची सून

माझा अनुभव सांगते, दुसऱ्या बाजूचा. आमच्या ह्यांना 'द बिग लेबोव्स्की'चं (१९९८) वेड. त्यातला नायक झिपरा, दिवसभर गाऊन नाहीतर लोकरी स्वेटर, पायात प्लॅस्टिकच्या सँडल. कुठेतरी यांनी वाचलं की त्यातले बरेच कपडे नट जेफ ब्रिजेसचे स्वतःचेच होते, घरून आणलेले. झालं. आमच्याकडे तेव्हापासून 'हे माझे स्वतःचे कपडे आहेत' हे उत्तर सगळ्याला चालतं. घरच्या मंगळागौरीला टॉवेलच्या कापडाच्या गाऊनमध्ये दूध घ्यायला दारात उभे! गवळी म्हणाला, बरं नाही का साहेबांना?

आणि त्या राजस्थानच्या सिनेमाबद्दल कुणी बोललंच नाही. 'द दार्जिलिंग लिमिटेड' (२००७). नाव दार्जिलिंग, शूटिंग जोधपूर-उदयपूरकडे. तीन भाऊ राखाडी सुटात रेल्वेने हिंडतात, एक तर सूट घालून अनवाणी. बापाच्या बॅगा वाहतात, त्या लुई व्हिताँच्या. शेवटी धावती गाडी पकडायला सगळ्या बॅगा फेकून देतात. आमचे हे तिथे हळहळले, बॅगांसाठी! मला लक्षात राहिला तो मधला भाग. गावातलं पोर नदीत जातं, इरफान खान त्याचा बाप असतो, आणि हे तिघं अंत्यविधीला पांढऱ्या कुर्ता-पायजम्यात येतात. तेवढा वेळ ते विचित्र दिसत नाहीत. सूट काढला की नुसती तीन पोरं.

उन्हात सूट घालण्याबद्दल मात्र त्यांना हसू नका. आपले नवरदेव मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला शेरवानी घालतात.


विंगेतली

सूट काढल्यावर नुसती तीन पोरं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. परत बघायला पाहिजे.


व्हर्नियर

मंडळी, लग्न झालं. उशिरा लिहितोय, कारण मधे कंपनीत ऑडिट होतं.

सूट शिवला. कापड मेन रोडला चौथ्या दुकानात मिळालं, सोळा धारेचं, भिजवलेल्या चिंचेच्या रंगाचं. दुकानदाराने गठ्ठा माळ्यावरून काढला तेव्हा त्यावर इतकी धूळ होती की त्याने आधी माझी माफी मागितली. साडेचार मीटर शिल्लक होतं, तुकडा उरवू नका म्हणून सगळंच गळ्यात मारलं. शिंप्याकडे काज_बटण काकांचा मजकूर छापून नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुठल्या पेठेतले?" मग काही न बोलता मुंढ्याचं माप घेतलं. कफ अर्धा इंच दिसावा असं लिहून सही केली. ट्रायलला मी व्हर्नियर नेला होता. उजवी बाजू १२.७, डावी ११.९. बोललो नाही. माझे दोन हातच सारखे नसतील.

काखेत रुतलं, काकांनी सांगितलं तसंच. पण अक्षता टाकताना कोट खरंच हलला नाही. शेजारी साडू होते, त्यांचा कोट प्रत्येक 'सावधान'ला कानापर्यंत जात होता. मला आतून फार बरं वाटलं, हे इथे कबूल करतो.

लोक काय म्हणाले? काहीच नाही. दोन मावश्यांनी 'वेल्वेट का?' विचारलं. बायको सगळ्या फोटोंत शेजारी उभी आहे.

बँडवाल्यांचं मात्र सांगायचं राहिलं. वरात लॉन्सच्या दाराशी थांबली होती, नवरदेव घोड्यावरून उतरेना, कारण घोड्यापाशी मेहुण्यांचा हिशेब चालला होता. बँडवाले बाजूला उभे राहून हातावर हात चोळत होते. निळे कोट, खांद्याला सोनेरी गोंडे, सगळं पातळ टेरीकॉटचं. नऊ-साडेनऊ झाले असतील, गवत ओलं झालं होतं. क्लॅरिनेटवाल्याच्या कोटाची बाही मनगटाच्या पार वर, चांगली तीन बोटं, आणि आत शर्टाऐवजी स्वेटरचा कफ. मी बघत राहिलो. मी महिनाभर ज्याच्यासाठी भांडलो ते याच्या अंगावर होतं, आणि माझ्यापेक्षा चौपट.

त्यालाही कळलं मी बघतोय. म्हणाला, "माझा नाही साहेब. मालकाकडे कोटांची पेटी असते. आधी येईल त्याला मापाचा. मी सिन्नरहून येतो, मला उरलेला." मग माझ्या बाहीला हात लावला. "गरम आहे का हे?"

आहे म्हटलं. त्याने बोटाने लव एकदा वर, एकदा खाली फिरवली, काकांनी लिहिलंय अगदी तशी. तेवढ्यात पुढून मास्तरने हात वर केला आणि तो तोंडाला क्लॅरिनेट लावून गेला.

घरी आल्यावर वडिलांनी सूट खुर्चीवर टाकलेला बघितला. त्यांच्या कॉटरायच्या पँटचं विचारलं, तर म्हणाले गुडघ्यावर टक्कल पडलं म्हणून आईने त्याची पायपुसणी केली. मग जरा वेळाने, उरलंय का कापड? पाऊण मीटर उरलंय, पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच. त्यांना सकाळी फिरायला जायला बंडी हवी आहे. काका, होईल का तेवढ्यात?


काज_बटण

पुढचे दोन्ही भाग होतील. पाठ अस्तराची करावी लागेल, आत पातळ फ्लॅनेल घाला. खिसे आतून द्या, वरून लावलेले नकोत, कापड पुरणार नाही. लव सुटासारखीच वर ठेवा. वडिलांची छाती किती?